जुनी वेब्ली .३२ रिव्हॉल्व्हर मिळतेय पण सिलिंडर मूळचा नाही, घ्यावी का?

कोलशेतचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मी ठाण्याचा, कोलशेत रोडला राहतो. हत्याराचं लायसन्स गेल्या वर्षी हातात पडलं, अजून काही घेतलेलं नाही. कानपूरची नवीन .३२ घ्यायची असं जवळपास ठरलेलं, पण बाबांच्या ओळखीचे एक काका आहेत पनवेलला, वय ७६, त्यांच्याकडे वेब्ली अँड स्कॉटची मार्क फोर आहे .३२ मध्ये, त्यांच्या वडिलांपासूनची. मुलगा परदेशात, त्याला यात काडीचा रस नाही, म्हणून काका काढून टाकतायत. हातात घेतली आणि मी खल्लास. ती मधून मोडल्यासारखी उघडते ना आणि सगळी काडतुसं एकदम वर उचलून येतात, ते बघूनच अर्धा निर्णय झाला माझा.

घोळ असा की काकांनी स्वतःच सांगितलं, सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) मूळचा नाही, वडिलांनी कधीतरी बदलून घेतला, कुठे ते त्यांना आठवत नाही. मुठीच्या फळ्या लाकडाच्या आहेत, सुताराने केल्यासारख्या. आतली स्प्रिंग पण बदललीय म्हणे. सव्वादोन लाख म्हणतायत. आमच्या घरी एकच पालुपद, एवढ्यात नवीन येऊन वर पैसे उरतील. मला महिन्यातून एकदा रेंजवर चालवायचीय, कपाटात ठेवून दसऱ्याला हळदकुंकू वाहण्यापुरती नकोय. तर पार्ट ओरिजिनल नसल्याने नक्की काय बिघडतं?

जुनंतेसोनं_वाशी

अरे तू तीन गोष्टी एकाच टोपलीत टाकल्यास. स्प्रिंग सोडून दे, ती चपलेच्या अंगठ्यासारखी, झिजली की बदलायचीच. मुठीच्या फळ्या मूळच्या काळ्या, चौकडीच्या नक्षीच्या असतात आणि एकदा फरशीवर पडल्या की तडकतात, मग कुणीतरी शिसवीच्या करून देतो. त्याने भाव उतरतो, बाकी काही नाही.

सिलिंडरचं मात्र तसं नाही, बार उडतो तो त्याच्या पोटात. तो बदललाय म्हणजे दोन शक्यता. एकतर दुसऱ्या कुठल्या तरी वेब्लीचा काढून बसवलाय, नाहीतर कुणीतरी लेथवर बनवलाय. ओळखायचं कसं? बर्मिंगहॅमला प्रूफ हाऊस आहे, १८१३ पासूनचं, तिथे जास्त दाबाचं काडतूस उडवून हत्यार तपासतात आणि मग शिक्का मारतात. ब्रिटिश रिव्हॉल्व्हरला हा शिक्का नळीवर तर असतोच पण सिलिंडरच्या प्रत्येक घरालाही, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकाला, वेगळा असतो. सहा घरं, सहा शिक्के, भिंग घेऊन जा आणि मोज. शिक्के आहेत पण नंबर फ्रेमच्या (हत्याराच्या सांगाड्याच्या) नंबरशी जुळत नाही, तर दुसऱ्या वेब्लीचा, बोलणी करता येतील. शिक्केच नाहीत तर काकांच्या घरचा चहा पिऊन सरळ पनवेल स्टेशन गाठ.

दुसरं म्हणजे टायमिंग, सिलिंडर बरोबर जागी थांबतो का ते. पूर्ण रिकामी आहे हे तीनदा बघून मग घोडा अगदी हळू मागे ओढ, प्रत्येक वेळी घर नळीच्या बरोबर समोर येऊन सिलिंडर थांबला पाहिजे, बोटाने ढकलावं लागता कामा नये. चाप दाबून धरून सिलिंडर हलवून बघ, किंचित हलला तर ठीक, खुळखुळला तर नाही. घर आणि नळी एका रेषेत नसली की गोळीचं शिसं कडेला तासलं जातं आणि बाजूने उडतं, शेजारच्या लेनवाल्याच्या गालाला लागतं. हे सहाही घरांना करायचं, एक बघून समाधान मानू नकोस. सिलिंडर आणि नळीतली फट बघायला टॅपेट सेट करायची फिलर गेज असते ना गॅरेजमध्ये, तीच चालते.

आणि उघडून बंद केल्यावर वरची कडी घट्ट बसते का बघ. मधून उघडणाऱ्या हत्याराचं सगळं आयुष्य त्या कडीवर आणि खालच्या बिजागरीवर असतं.

बेलापूर_फाइलवाला

वरच्यांनी मशीन सांगितलं, मी कागद सांगतो कारण लोक तिथेच अडकतात.

काकांच्या लायसन्सवर जो नंबर चढलाय तो आणि फ्रेमवरचा नंबर एक आहे का ते आधी बघा. सिलिंडरचा वेगळा निघाला तरी चालेल, पण फ्रेमवरचा नंबर घासलेला, पुसलेला किंवा परत ठोकलेला वाटला तर शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ८ आडवं येतं, असं हत्यार घ्यायचंही नाही, विकायचंही नाही. मग ते आजोबांचं असो नाहीतर पणजोबांचं.

काका परस्पर विकत असतील तर त्यांनी आधी लेखी कळवायचं, कुणाला विकतोय ते नावपत्त्यासकट, आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. पनवेल नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं आणि तुम्ही ठाण्याच्या, म्हणजे दोन्हीकडे कागद फिरणार. बयाणा द्यायचाच तर लिहून घ्या की परवानगी नाही आली तर परत.

.३२ आहे याची नळीवर वाचून खात्री करा. हीच मार्क फोर .३८ मध्ये पण आहे, लष्कर-पोलिसात तीच जास्त होती, आणि .३८ आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेलं माप आहे. तुमच्या लायसन्सवर ती चढणारच नाही.

कानपूरभक्त

मी घरच्यांच्या बाजूने. भावनेच्या भरात घेऊ नको भावा. ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी हत्यार आयात करणं बंद झालं म्हणून या जुन्या वेब्लींना सोन्याचा भाव आलाय, नाहीतर त्यात काय आहे, कानपूरची .३२ हिच्यावरूनच तर बेतलीय. मधून उघडते, सहा घरं, तेच काडतूस, आणि काही झालं तर वॉरंटी. या वेब्लीचा उद्या घोडा तुटला तर कुठून आणणार? आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यातली एक जागा तू दुसऱ्याच्या अवयवांवर जगणाऱ्या म्हातारीला देणार का?

जुनंतेसोनं_वाशी

@कानपूरभक्त बेतलीय हे खरं, पण म्हणून तिचा पार्ट हिच्यात जसाच्या तसा बसेल असं समजून कुणी घासत बसू नका. आणि एकदा वेब्लीचा चाप ओढून बघ रे, मग बोलू.

पोऱ्या, एक अजून. पार्ट बदलण्यापेक्षा मूळ पार्टला कानस लावणं जास्त वाईट. मोठ्या .४५५ वेब्ली युद्धानंतर अमेरिकेत स्वस्तात गेल्या, तिथे .४५५ ची काडतुसं मिळेनात म्हणून सिलिंडर मागून तासून .४५ एसीपी हे दुसरं काडतूस चालेल असे केले. आता त्या काडतुसाचा दाब वेब्लीच्या प्रूफपेक्षा जास्त, तरी लोक उडवत राहिले. नंबर जुळतो, पार्ट ओरिजिनल, आणि तरीही धोक्याचं. म्हणून सिलिंडरची मागची बाजू बघ, तासल्याच्या खुणा असतील तर नको.

कोलशेतचा_पोऱ्या

रविवारी भिंग आणि गेज घेऊन गेलो होतो, काकू म्हणाल्या हा काय डोळ्याचा डॉक्टर आहे का. तर रिपोर्ट.

फ्रेमचा नंबर काकांच्या लायसन्सशी जुळतो, स्वच्छ आहे. नळीवर .३२. सिलिंडरवर नंबर वेगळाच, पण सहाही घरांना शिक्के आहेत, म्हणजे दुसऱ्या वेब्लीचा. मागून तासलेला नाही. कडी घट्ट. पाच घरं बरोबर थांबतात, सहावं हळू ओढलं तर केसभर आधी थांबतं, जोरात ओढलं तर बरोबर येतं.

आणि मजा पुढे. आमचं चाललेलं बघून काका आत गेले आणि फरसाणाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात मूळच्या काळ्या फळ्या, एक तडकलेली, आणि मूळ सिलिंडर! फ्रेमचाच नंबर. पण दोन घरांत आतून गंजाचे खड्डे, बोट घातलं तर लागतात. काकांना तेव्हा आठवलं, वडील उरणला नोकरीला होते आणि पावसाळ्यात चालवून तशीच ठेवायचे.

आता वाटतं काकांचे वडील बरोबर होते. पण या डब्याचं काय करू, सोबत घेऊ का?

जुनंतेसोनं_वाशी

खारी हवा आणि जुनी काडतुसं, दुसरं काय होणार. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्याचे क्षार आत राहतात आणि ओल ओढतात, लगेच गरम पाण्याने धुऊन मग तेल लावावं लागतं, नुसत्या तेलाने भागत नाही. तो सिलिंडर परत बसवायचा विचारही करू नकोस, खड्ड्यांनी भिंत पातळ झालेली असते. सहाव्या घराचं काम लायसन्सवाल्या आर्मररला (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला) दाखव, तो खर्च काकांच्या सव्वादोनमधून वजा. फळ्या मात्र घे, चिकटवून ठेव.

बेलापूर_फाइलवाला

थांबा थांबा, सिलिंडर असा पिशवीत घालून ठाण्याला आणू नका. कायद्यात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भागही येतात. काकांनी आधी आयुक्तालयात लेखी सांगावं की मूळ सिलिंडर माझ्याकडे आहे, आणि मग ते सांगतील तसं. फळ्यांना कुणी विचारणार नाही.

कानपूरभक्त

काका दीड म्हणाले तर मला पण नंबर दे त्यांचा

कोलशेतचा_पोऱ्या

एक ऐंशीला ठरलंय, आर्मररचा खर्च काकांचा. अर्ज ते उद्या देतायत, त्यात सिलिंडरचा पण उल्लेख करायला सांगितलाय. ४५ दिवस मोजतोय. फरसाणाचा डबा काकूंनी परत मागितला.