प्रतिसाद : मार्सिली आणि मुतेफेरिका
युरोपीय सेनानींना ऑटोमन (तुर्की साम्राज्याचे) सैन्य म्हणजे निव्वळ धर्मवेड्यांचा जमाव वाटे, असे मत इथे मांडले गेले आहे; ते लुइजी फर्दिनांदो मार्सिलीच्या उदाहरणापुढे टिकत नाही. इटलीतील बोलोन्याचा, पण ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या सैन्यातला हा अधिकारी १६८३ मध्ये पकडला गेला, गुलाम म्हणून विकला गेला आणि व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्कांच्या छावणीत कॉफी करण्याच्या कामाला जुंपला गेला. तरीही ऑटोमन लष्करावरील त्याच्या ग्रंथात शिव्याशापांऐवजी तुकड्या, शस्त्रे, तंबू आणि रसद यांचीच बारकाईने नोंद आढळते. (शत्रूची इतकी कसून मोजदाद धास्तीपोटीही होत असावी.) हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७३२ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या बाजूलाही असेच घडत होते: त्याच वर्षी ऑटोमन राजधानी इस्तंबूलमध्ये, जन्माने ट्रान्सिल्व्हेनियाच्या (आजच्या रोमानियातील प्रदेश) इब्राहिम मुतेफेरिकाने युरोपीय फौजांची रचना व शिस्त समजून घेण्याची निकड सुलतानापुढे मांडणारे पुस्तक आपल्याच छापखान्यात छापले.