बी विंगमधले टोके नेमके कुणाचे?

(डोंबिवलीतल्या एका सोसायटीचा बी विंग ग्रुप. जुलैमधला रविवार.)

सकाळी ७:४२

ज्योती ४०२: सुप्रभात. कुणाच्या किचनमध्ये बारीक काळे किडे निघतायत का? ओट्यामागच्या भिंतीवरून वर चढतात. मुंग्या नाहीत, झुरळाची पिल्लं पण नाहीत. [फोटो]

वर्षा ५०३: सोंडे आहेत हे. तांदळाचा डबा पाहा आधी.

शोभाकाकू ३०१: टोके गं ते. आमच्या कोल्हापूरकडं टोकेच म्हणतात.

मालतीआजी ३०३: पोरकिडे. (आजी सांगतेय, टाइप मी करतेय – मृण्मयी)

रोहन ६०१: नाव ठरेपर्यंत ते माझ्या ओट्सपर्यंत पोचतील.

ज्योती ४०२: उघडला डबा. वाडा कोलम, वीस किलो, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास भरलेला. हात घातला तर हाताला पीठ लागलं. जूनमध्ये एकदा निघाले होते तेव्हा अख्खी दुपार चाळण घेऊन बसले होते मी. एकूणएक काढले होते हो!

विश्वासकाका १०४: एकूणएक नाही काढलेस, दिसणारे काढलेस. याची मादी तांदळाच्या दाण्याला सोंडेनं भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावते. अळी दाण्यातच खाते, दाण्यातच कोष करते. बाहेर येतो तो थेट पंख फुटलेला किडा. आपल्याकडच्या उकाड्यात याला साधारण चार-पाच आठवडे लागतात. तुझी चाळण जूनमधली ना? हिशेब लाव.

ज्योती ४०२: बरोब्बर पाच आठवडे 😖

संतोष २०२: काका, तुम्हाला एवढं कसं माहीत?

विश्वासकाका १०४: मनमाडला अन्न महामंडळाच्या गोदामात नोकरी गेली माझी. रोज सकाळी चहाच्या आधी पोत्यात नळी खुपसून नमुना काढायचा, मग बाकीचं. ज्योती, एक किडा पांढऱ्या कागदावर ठेव आणि जवळून फोटो काढ. हात लावलास की पाय आखडून मेल्याचं सोंग करेल, फसू नकोस.

ज्योती ४०२: [फोटो] खरंच मेल्यासारखा पडला. आणि दोन मिनिटांनी चालायला लागला!

विश्वासकाका १०४: सोंड दिसतेय. पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके. तांदळातला सोंडकिडा. वर्षाताईंचं नाव शास्त्राला धरून आहे.

वर्षा ५०३: 😎 विदर्भ जिंदाबाद

शोभाकाकू ३०१: सोंड टोकालाच असतीय की. टोके पण बरोबरच.

सकाळी ८:१५

अनघा २०१: माझ्याकडे पण निघालेत, पण तांदळात नाहीत. मुगाच्या डब्यात. आणि मुगावर पांढरे ठिपके आहेत, बुरशी आहे का?

विश्वासकाका १०४: बुरशी नव्हे, अंडी. हा वेगळा पाहुणा, कडधान्यातला भुंगेरा. याला लांब सोंड नसते आणि हा अंडी दाण्याच्या बाहेरून चिकटवतो. दाण्याला एकदम गोल भोक दिसेल, गिरमिटानं पाडल्यासारखं. मोठा भुंगा स्वतः काही खात नाही, खाते ती आतली अळी. बऱ्याचदा शेतात शेंग वाळत असतानाच अंडी पडलेली असतात. म्हणजे तुमचा डबा कितीही घासलेला असला तरी तो मुगाबरोबर आत येतो.

अनघा २०१: म्हणूनच पॅकबंद आणलेला असून! मी उगाच दुकानदाराशी भांडले.

मालतीआजी ३०३: म्हणून आम्ही कडधान्य राखेत घोळवून ठेवायचो. आणि तुरीची लगेच डाळ करून आणायची. अख्खी तूर फुटते, डाळ टिकते.

विश्वासकाका १०४: आजी शंभर टक्के बरोबर. या भुंग्याला अख्खा दाणा लागतो, डाळीत त्याचं फारसं जमत नाही.

स्नेहल ४०४: माझ्या रव्यात तांबडे, चपटे किडे आहेत. सोंड नाही. आणि रव्याला कसलातरी उग्र वास येतोय.

विश्वासकाका १०४: तो पिठातला तांबडा भुंगेरा. अख्खा दाणा त्याला फोडता येत नाही, म्हणून पीठ, रवा, तांदळाची कणी असलं शोधतो. वास त्याच्याच अंगातून सुटणाऱ्या रसायनाचा. चाळून, भाजून तो जायचा नाही. तो रवा टाकून द्या. उपम्याचा मोह नको.

स्नेहल ४०४: आणि जाळी जाळी झालेली ती?

विश्वासकाका १०४: ती पतंगाची अळी. घरात राखाडी पतंग संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती फिरतात ना, त्यांची संतती.

रोहन ६०१: म्हणजे एकाच विंगमध्ये चार जातींचे भाडेकरू, आणि पार्किंगला जागा नाही.

सकाळी ८:४०

शोभाकाकू ३०१: मी तांदळाला बोरिक पावडर लावते. पंचवीस वर्षं लावतीय, कधी किडा नाही.

विश्वासकाका १०४: काकू, तुम्ही तांदूळ तीन पाण्यांनी धुता म्हणून निभावतंय. तरी माझं मत विरुद्धच. खाण्याच्या पदार्थात बोरिक घालायला आपल्या कायद्यात परवानगी नाही. आणि गव्हाला तर अजिबात लावू नका, गहू धुऊन दळत नाही आपण. सगळं पोळीत जातं.

शोभाकाकू ३०१: मग काय लावायचं?

विश्वासकाका १०४: गव्हाला, तुरीच्या डाळीला एरंडेल. किलोला एक छोटा चमचा, हातावर घेऊन नीट चोळायचं. तेलाचा पातळ थर बसला की अंडी गुदमरतात. कडधान्याला तर फारच उपयोगी.

वर्षा ५०३: लवंग, तेजपत्ता, लाल मिरची, मीठ? माझी सासू डब्यात काडेपेटी ठेवते.

विश्वासकाका १०४: काडेपेटीनं गॅस पेटवा. लवंग आणि तेजपान यांच्या वासानं नवा किडा थोडा बिचकत असेल, पण दाण्याच्या आत बसलेल्या अळीला त्याचं काय? कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कडकडीत वाळवून. ओला घालाल तर पाल्याचीच ओल धान्याला लागेल. खरा दोष ओलीचाच आहे. धान्य नखानं नव्हे, दातानं कट्कन तुटायला हवं, तर ते भरण्यालायक. कोरड्या दाण्यात सोंडकिड्याची वाढ खुंटते.

ज्योती ४०२: म्हणजे उन्हात वाळवायला हवं. म्हणजे गच्ची हवी.

(कुणीच काही लिहीत नाही. ८:५३)

ज्योती ४०२: मे महिन्यात मी गच्चीची किल्ली मागितली होती. ‘वॉटरप्रूफिंग चालू आहे’ सांगितलं गेलं. मग वीस किलो तांदूळ तसाच डब्यात भरला. मी कुणाचं नाव घेत नाहीये.

सेक्रेटरी ५०१: वॉटरप्रूफिंग खरंच चालू होतं मॅडम. आणि मागच्या वर्षी गच्चीवर कुरडया वाळवल्या त्याचा चीक पाइपात जाऊन पाइप तुंबला, त्याचं बिल कमिटीने भरलं.

शोभाकाकू ३०१: त्या माझ्या कुरडया नव्हत्या.

सेक्रेटरी ५०१: मी कुठे म्हटलं तुमच्या?

विश्वासकाका १०४: आता जुलैत किल्ली मिळाली तरी ऊन कुठे आहे डोंबिवलीत? ज्योती, तुझा फ्रीजर वापर. दोन-दोन किलोच्या पिशव्या कर, हवा काढून तोंड घट्ट बांध, उणे १८ अंशांवर पूर्ण चार दिवस. अंडी, अळी, किडा, सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस, तांदूळ खोलीइतका कोमट होऊ दे. नाहीतर गार तांदळावर दव धरतं आणि परत ओल.

ज्योती ४०२: वीस किलो म्हणजे दहा पिशव्या. आइस्क्रीम आणि मटार बाहेर.

रोहन ६०१: आइस्क्रीम माझ्याकडे पाठवा, माझा फ्रीजर रिकामा आहे.

अनघा २०१: काका, भुंगा पोटात गेला तर?

विश्वासकाका १०४: विषारी नाही तो. चार किडे निवडायचे राहिले म्हणून दवाखाना गाठायची गरज नाही. पण धान्य फार पोखरलेलं असेल तर त्यात त्यांची विष्ठा, काती, मेलेल्यांचा भुगा सगळं असतं. मूठभर दाणे पाण्यात टाक. पोकळ झालेले तरंगतात. निम्मे तरंगले तर टाकून दे, जीव अडकवू नकोस.

सकाळी ९:२०

संतोष २०२: एवढा कुटाणा कशाला? गावाकडून भावाने गव्हात टाकायच्या गोळ्या दिल्यात मला. दोन गोळ्या पोत्यात टाकायच्या, आठ दिवसांत एक किडा राहत नाही. कुणाला हव्या असतील तर सांगा, माझ्याकडे डबी आहे.

अनघा २०१: मला दोन द्या दादा.

विश्वासकाका १०४: थांबा. कुणी काही घेऊ नका, देऊ नका. संतोष, त्या राखाडी, जाड गोळ्या आहेत का, घट्ट झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या डबीत?

संतोष २०२: हो. का?

विश्वासकाका १०४: डबी उघडलीस का?

संतोष २०२: नाही अजून. आज उघडणार होतो.

विश्वासकाका १०४: उघडू नकोस. ॲल्युमिनियम फॉस्फाइड आहे ते. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. पावसाळ्यात तर आणखी पटापट. वायूला रंग नाही. कधी लसणासारखा, कधी सडक्या मासळीसारखा वास येतो, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही असं समजायचं नाही. दाराच्या फटीतून, डक्टमधून, भिंतीच्या चिरांतून शेजारच्या घरात जातो. तुझ्या पोत्यातला गॅस रात्री वरच्या मजल्यावर झोपलेल्या लेकराच्या खोलीत. त्यावर उतारा नाही, डॉक्टरकडेही नाही.

संतोष २०२: काका, गावाला सगळेच टाकतात हो.

विश्वासकाका १०४: टाकतात. आणि गावातही माणसं गेली आहेत त्याने. आम्ही गोदामात हेच वापरायचो, पण कसं? पोत्यांच्या थप्पीवर अखंड जाड आवरण, कडेने वाळू भरलेल्या लांब पिशव्या, त्यांना आम्ही ‘साप’ म्हणायचो, म्हणजे खालून फट राहायला नको. तोंडाला मास्क, दारावर कवटीची पाटी, सात दिवस बंद. मग दारं-खिडक्या उघडून हवा खेळवायची आणि तपासूनच आत पाऊल. आणि तिथे रात्री कुणी झोपत नव्हतं. घरगुती वापरासाठी ही गोळी विकायलाच परवानगी नाही. सरकारी यंत्रणा किंवा मान्यता असलेले पेस्ट कंट्रोलवाले, तेही तज्ज्ञाच्या देखरेखीत.

(संतोष २०२ यांनी एक मेसेज डिलीट केला.)

संतोष २०२: आता काय करू? संडासात टाकून फ्लश करू का?

विश्वासकाका १०४: अजिबात नाही! पाण्याशी गाठ पडली की तिथेच गॅस. कचऱ्यात नको, नाल्यात नको, कुंडीत पुरू नकोस. डबी तशीच कोरड्या जागी ठेव, गॅलरीत पण पाऊस लागणार नाही अशी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. मी पाच मिनिटांत येतो. माझ्या ओळखीचा परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाला आहे, तो येऊन घेऊन जाईल.

संतोष २०२: या काका. बायकोने मुलांना घेऊन खालीच नेलंय.

अनघा २०१: मला नकोत हो त्या दोन गोळ्या 🙏

सकाळी १०:०५

विश्वासकाका १०४: डबीचं सील शाबूत आहे. माणूस तासाभरात येतोय. संतोषला कुणी बोलू नका, त्याने विचारलं म्हणून कळलं. न विचारता टाकणारे जास्त असतात.

विश्वासकाका १०४: आता ज्योती, एक विचारायचं राहिलं. किडे ओट्यामागे, डक्टच्या बाजूच्या भिंतीवर जास्त आहेत का?

ज्योती ४०२: हो! तिथेच रांग लागलीये.

अनघा २०१: माझ्याकडेही डक्टजवळ काळे आहेत, सोंडवाले. आणि माझा तांदूळ तर फ्रीजमध्ये असतो.

शोभाकाकू ३०१: आमच्याकडं पण त्याच भिंतीला.

विश्वासकाका १०४: २०१, ३०१, ४०२. म्हणजे खालून वर येतायत. ज्योतीच्या डब्यात आहेत ते खरं, पण एका डब्यातून एवढे निघत नाहीत. कुठेतरी मोठा साठा आहे. हा किडा चालतो, उडतोही.

वर्षा ५०३: तळमजल्यावर कोण राहतं?

विश्वासकाका १०४: मी राहतो. माझ्याकडे पाच किलोच्या वर धान्य नसतं, येऊन बघा.

रोहन ६०१: मी खाली आलोय. सोसायटी ऑफिसच्या दाराखालून किडे बाहेर येतायत. [फोटो] [फोटो] ही काय वारी आहे?

सेक्रेटरी ५०१: ऑफिसमध्ये फक्त फायली आहेत.

रोहन ६०१: फायली खाणारे नाहीत हे, सोंड आहे यांना. किल्ली कुणाकडे?

सेक्रेटरी ५०१: खजिनदारांकडे.

खजिनदार ६०३: माझ्याकडे गच्चीची आहे. ऑफिसची तुमच्याकडे.

सकाळी १०:४०

रोहन ६०१: उघडलं. मंडपाच्या कापडाखाली गणपतीच्या महाप्रसादाचा तांदळाचा २५ किलोचा कट्टा. अर्ध्याच्या वर शिल्लक. म्हणजे होता. आता अर्ध्याच्या वर किडे शिल्लक आहेत. [फोटो]

ज्योती ४०२: आई गं!!!

विश्वासकाका १०४: सप्टेंबरपासून जुलैपर्यंत. आठ-नऊ पिढ्या झाल्या असतील यांच्या तिथे.

मालतीआजी ३०३: महाप्रसादाचा तांदूळ असा टाकतात का रे? तेव्हाच वाटून द्यायचा.

वर्षा ५०३: कबुतरांना घालू या का?

शोभाकाकू ३०१: कबुतरांचं नाव काढू नका, माझ्या एसीवर आधीच तीन घरटी आहेत.

विश्वासकाका १०४: रोहन, कट्टा उचलायच्या आधी जागेवरच मोठ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाल, तोंड बांध, मग दुसरी पिशवी. उघडा नेलास तर जिनाभर पेरत जाशील. खत खड्ड्यात नको, बांधूनच घंटागाडीत. मग फरशीच्या फटी, कपाटाच्या मागे व्हॅक्यूमने ओढून घे आणि त्याची पिशवी पण लगेच बाहेर. कापडं झटकून गरम पाण्याने धुवायला लागतील.

ज्योती ४०२: काका, गोदामात नळी खुपसायचात म्हणालात, तसं घरी काही मिळतं का? म्हणजे पुढच्या वेळी आधी कळेल.

विश्वासकाका १०४: मिळतं की. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने असा सापळा काढलाय. भोकं पाडलेली नळी धान्यात उभी खुपसायची. हवेकडे जाण्याच्या नादात किडा भोकातून आत शिरतो आणि खालच्या पेल्यात पडतो. दाण्यातल्या अळीला तो काही करत नाही, पण पहिला किडा निघाला की तुला कळेल. आणि वीस किलो भरणं सोड. पावसाळ्यात दोन माणसांना पाच किलो पुष्कळ.

ज्योती ४०२: सासूबाईंना हे तुम्हीच सांगा काका, मी नाही सांगणार.

खजिनदार ६०३: एक अडचण आहे. गणपतीच्या हिशेबात तो कट्टा संपलेला दाखवलाय.

सेक्रेटरी ५०१: हा विषय कमिटीच्या ग्रुपवर घेऊ या.

रोहन ६०१: तोवर मला कुणीतरी मोठी काळी पिशवी आणून द्या. आणि ऑफिसच्या किल्लीचं काय करायचं, परत कुणाकडे द्यायची?

शोभाकाकू ३०१: माझ्याकडं दे. आणि गच्चीची पण.