शॅम्पूतील आणि भिंतीच्या रंगातील झिंक पायरिथिऑन एकच का?

प्रश्न (फोंडा)
आषाढ लागला की आमच्या घरी डोक्यातला कोंडा आणि भिंतीवरची काळी बुरशी या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. चवथीपूर्वी घर रंगवण्यासाठी आणलेल्या बुरशीरोधक रंगाच्या डब्यावर झिंक पायरिथिऑन हे नाव वाचले आणि तेच नाव माझ्या शॅम्पूवर ‘१ टक्का’ असे छापलेले दिसले. पोर्तुगालमधील माझा मावसभाऊ म्हणतो की तिथे अशा शॅम्पूवर बंदी आहे. हा पदार्थ एकच आहे का? घरात वहिनी गरोदर आहे, म्हणून विचारतो.

उत्तर १ (रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक, डिचोली)
होय, एकच. यात जस्ताच्या एका आयनाला पायरिथिऑनचे दोन घटक प्रत्येकी एका ऑक्सिजन आणि एका गंधक अणूने धरून ठेवतात. अशा संयुगाला कीलेट म्हणतात; त्या शब्दाचे मूळ खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दात आहे, हे गोंयकाराला अधिक समजावून सांगायला नको. लिटरभर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो, म्हणूनच केस धुतल्यावरही त्याचे सूक्ष्म कण टाळूवर टिकून काम करत राहतात. कोंड्याशी संबंधित मॅलसेझिया नावाचे यीस्ट टाळूच्या तेलावर जगते. पायरिथिऑन त्याच्या पेशीत तांबे शिरवते आणि ते तांबे लोह-गंधकयुक्त प्रथिनांची मोडतोड करते. कण तळाशी बसू शकतात, त्यामुळे बाटली हलवावी आणि फेस तीन ते पाच मिनिटे राहू द्यावा.

उत्तर २ (औषधविक्रेता, मडगाव)
मावसभावाचे म्हणणे खरे आहे, पण अर्धे. प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे युरोपीय संघाने हा पदार्थ गर्भाला अपायकारक ठरू शकणाऱ्या गटात घातला आणि मार्च २०२२ पासून तो सौंदर्यप्रसाधनांतून वगळला. मात्र त्यांच्याच वैज्ञानिक समितीने २०२० मध्ये धुऊन टाकण्याच्या कोंडानाशक उत्पादनांत १ टक्क्यापर्यंतचा वापर सुरक्षित मानला होता. तेथील नियमानुसार या गटातील पदार्थाला सूट मिळण्यासाठी दुसरा योग्य पर्याय नसावा लागतो, आणि पिरोक्टोन ओलामाइनसारखे पर्याय उपलब्ध होते. अमेरिकेत धुऊन टाकण्याच्या उत्पादनांत ०.३ ते २ टक्के प्रमाण आजही मान्य आहे. त्वचेतून तो अत्यल्प शोषला जातो. धोका आहे तो पोटात किंवा डोळ्यांत जाण्याचा. तुम्ही वापरायला हरकत नाही; वहिनींनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग रंगाचे काय?

उत्तर ३ (मालीम)
सुकलेल्या रंगापेक्षा तो घासताना उडणारी धूळ वाईट, कारण हा पदार्थ श्वासावाटे विषारी आहे. नाकातोंडावर मास्क लावून, पृष्ठभाग ओला करूनच घासावे आणि वहिनींना त्या खोलीपासून दूर ठेवावे. होड्यांच्या तळाला शेवाळ आणि बार्नेकल धरू नयेत म्हणून लावण्याच्या काही रंगांतही हेच द्रव्य असते. उन्हात ते लवकर विघटित होते, पण गढूळ पाण्यात ऊन खोलवर पोहोचत नाही. शिवाय तिथे तांबे भेटले तर जस्ताची जागा तांबे घेते आणि अधिक टिकाऊ संयुग तयार होते. माशांना हे अगदी थोड्या प्रमाणातही घातक असते. म्हणून एक विनंती: रंगाचे ब्रश परसातल्या व्हाळात धुऊ नका.