प्रति: ठेकेदाराचं हमीपत्र पुरेसं आहे का?

सरकारी बांधकामाच्या निविदेसोबत ठेकेदाराकडून 'आमच्याकडे वेठबिगार नाहीत' असं हमीपत्र घेतलं की सरकार मोकळं, असं वर म्हटलंय. पटत नाही. १९८२ च्या एशियाडसाठी दिल्लीत बांधकामं चालू होती, तेव्हा किमान वेतन होतं दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार ते जमादाराच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाच्या, हातात द्यायचे, जमादार रुपया कमिशन कापायचा आणि मजुराला उरायचे सव्वाआठ. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सांगितलं, की किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणं ही घटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरीच, आणि ठेकेदार मध्ये आहे म्हणून सरकारची जबाबदारी टळत नाही.

हा झाला साइटवरचा मजूर. त्याच बांधकामाला लागणाऱ्या विटांचं काय? ठाणे-रायगडकडची कातकरी कुटुंबं उचल (मजुरीपोटी आगाऊ पैसे) घेऊन वीटभट्टीवर जातात आणि ती फिटता फिटत नाही. (१९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहेच, कागदावर.) सरकारचं बांधकाम खातं विटेची मजबुती तपासतं, उचलीची वही मागत नाही. बिल काढण्याआधी भट्टीचं नाव आणि मजुरीची नोंद मागा. दर थोडे वाढतील, वाढू देत. आणि तपासणीला न कळवता जा. मुकादम शेजारी उभा असताना कोण तोंड उघडणार?