मदत हवी आहे: रिहर्सल डिनर घरी, माणसं ३८, आणि स्वयंपाकीणच रिहर्सलला!

वरमाय:

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात मुलाचं लग्न आहे. सून अमेरिकन, पेनसिल्वेनियाची. (चातुर्मासात लग्न कसं, हे कृपया विचारू नका. हॉल मिळाला तो मुहूर्त. गुरुजींनी पंचांग उघडलं, एक सुस्कारा टाकला आणि काढून दिला.) शनिवारी सकाळी आपल्या पद्धतीचं लग्न, दुपारी चारला तिच्याकडच्या पद्धतीचं. आदल्या दिवशी, शुक्रवारी, या दुपारच्या लग्नाची रंगीत तालीम असते. कोण कुणामागून चालत यायचं, कुठे उभं राहायचं वगैरे. ती झाली की सगळे मिळून जेवतात आणि इथल्या जुन्या रीतीप्रमाणे हे जेवण मुलाकडच्यांनी द्यायचं. म्हणजे आम्ही.

रेस्टॉरंटची खोली बघून आलो. किमान इतकं बिल झालंच पाहिजे ही अट, वर तीन तासांत उठायचं. मुलगा आणि सून दोघंही म्हणाले, "आई, घरीच कर आणि साधं कर." मला तर तेच हवं होतं. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मागे डेक, बऱ्यापैकी अंगण, दोन गाड्यांचं गॅरेज.

आता गोची सांगते. रिहर्सल साडेचारला, हॉल घरापासून अर्ध्या तासावर. मला आणि ह्यांना तिथे जावंच लागणार, कारण आम्हालाही चालत यायचं आहे. परत येईस्तोवर सहा वाजणार आणि पाहुणे आमच्या गाडीच्या मागेच. म्हणजे जेवण गरम करायला घरी मीच नाही.

त्यात पुण्याहून येणाऱ्या नणंदबाईंचा मेनू व्हॉट्सॅपवर येऊन पडलाय. पुऱ्या, अळूची भाजी, जिलबी-मठ्ठा, दोन चटण्या, पंचामृत, बटाटेवडे... मी मोजायचं सोडून दिलं. "विहिणीसमोर आपलं नाक कापलं जायला नको" हे शेवटचं वाक्य. माझ्या मते ३८ माणसांसाठी चार पदार्थ पुष्कळ झाले. बरोबर ना?

सुनेच्या आजोबांना सिलिअ‍ॅक आहे, गव्हाचा कणही चालत नाही. तिच्या एका मैत्रिणीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. सासूबाई चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं खात नाहीत. थंडी किती असेल देव जाणे. दारू ठेवायची का, हाही प्रश्न आहे. आणि ह्यांना भाषण करावं लागतं म्हणे, त्या धास्तीने ते आत्तापासूनच गप्प झालेत.

सुचवा काहीतरी. केटररकडून करून घे, हे सोडून.

निवांत_बोस्टन:

तरीही सांगतोच, केटरर. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नात उभं राहायचं आहे तुम्हाला. ट्रे सहाला दारात येतील असं ठरवा आणि मोकळ्या व्हा.

वरमाय:

अहो, लग्नाचं जेवण दोन्ही वेळचं केटररचंच आहे. हे एक तरी घरचं असू दे.

खमंग:

ताई, चार पदार्थ अगदी बरोबर. नियम एकच ठेवा: आयत्या वेळी गॅससमोर उभं राहावं लागेल असं काहीही करायचं नाही. पुरी तिथेच बाद, वडेही बाद. ३८ माणसांच्या पुऱ्या म्हणजे एक बाई लाटतेय, एक तळतेय आणि दोघींपैकी एकीचीही विहिणीशी ओळख होत नाही.

माझं मत पावभाजीला. हाताने खायचा पदार्थ आहे, त्यामुळे त्यांना अवघडल्यासारखं होत नाही. भाजी आदल्या दिवशी करून ठेवली तर उलट मुरते. माणशी अडीच पाव धरा, म्हणजे शंभरच्या आसपास. इंडियन स्टोअरचे पाव संपले असतील तर बटाट्याचे डिनर रोल आणा, ते मऊ असतात आणि लोण्यावर छान भाजले जातात. भाजीला बटाटा साडेतीन-चार किलो, फ्लॉवर आणि मटार मिळून तेवढेच. तिखट बेताचं ठेवा आणि ठेचा शेजारी वाटीत. त्यांच्यातला एखादा तरी हिरो निघतोच, त्याची सोय पाहिजे.

जोडीला मसालेभात, तोंडली घालून. आपल्या लग्नातल्यासारखा, बिनकांदा-लसणाचा. सासूबाईंचं तेच जेवण. पावभाजी आहे म्हणून तांदूळ दोन किलो पुरे. तो शुक्रवारी दुपारीच करा, आदल्या दिवशी नको. गरम असतानाच अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या ट्रेमध्ये भरा, वरून फॉईल घट्ट लावा आणि ओव्हन २०० फॅरनहाइटवर. शिजलेला भात ओट्यावर तसाच तासन्‌तास ठेवू नका, तो लवकर बिघडतो. मोठा ट्रे साधारण २१ बाय १३ इंचांचा असतो. तुमच्या ओव्हनचं दार लागतं का, हे रिकामा ट्रे घालून आजच बघा.

कोथिंबीर वडीचे उंडे आठवडाभर आधी उकडून फ्रीझरमध्ये. शुक्रवारी सकाळी कापून तेलाचा हात लावायचा आणि ४२५ वर कडक होईपर्यंत भाजायच्या. गार खाल्ल्या तरी चालतात.

गोडाला श्रीखंड. ग्रीक योगर्ट रात्रभर फडक्यात टांगलं की चक्का तयार. तीन किलो भरपूर होईल. अर्ध्यात आंब्याच्या डब्यातला रस घातलात तर आम्रखंडही झालं, म्हणजे नणंदबाईंच्या यादीत एक पदार्थ वाढला!

वरणफळ:

खमंगच्या मेनूला अनुमोदन, पण आजोबांसाठी थांबून वाचा. माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे.

पाव नको, हे सगळ्यांच्या लक्षात येतं. हिंग कुणाच्याच लक्षात येत नाही. आपण वापरतो त्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. डबीवरचे घटक वाचा. तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं, ते आणा, नाहीतर सरळ हिंग वगळा. पावभाजी मसाला आणि गोडा मसाला यांची पाकिटंही तशीच तपासा. घरचा गोडा मसाला असेल तर त्यात कुठलं हिंग पडलंय ते आठवा.

दुसरं म्हणजे चमचा. पावाचा चुरा लागलेला चमचा भाजीत गेला की ती भाजी त्यांच्या कामाची राहिली नाही. म्हणून आजोबांची भाजी, भात, वड्या आणि श्रीखंड वाढायला घेण्याआधीच वेगळ्या डब्यांत काढून झाकून ठेवा, डब्यावर नाव लिहा. त्यांना भाजी भाताबरोबर द्या. आणि पाहुण्यांना "यात ग्लुटेन नाही" असं नुसतं सांगू नका. काय काय घातलंय ते सांगा, पाकिटं टाकून देऊ नका. ज्यांना हा आजार असतो ते स्वतः वाचून मगच खातात, त्यात आपला अपमान नसतो.

शेंगदाण्याचं त्याहून कडक. आपल्या घरात कूट कुठे नसतो? काकडीच्या कोशिंबिरीत, ठेच्यात, कधी कोथिंबीर वडीतही. त्या संध्याकाळी कूट घरातल्या कशातही नको. "एका वाटीत वेगळा ठेवला" तेही नको. तळायला-फोडणीला शेंगदाणा तेल वापरत असाल तर तेही बदला. ठेचा नुसता मिरची-लसूण-मिठाचा, आणि तो खलबत्ता आधी घासून.

वरमाय:

हिंगाचं वाचून डबी बघितली. गव्हाचं पीठ, दुसऱ्या नंबरवर! इतकी वर्षं हाताशी असलेली डबी, कधी उलटून पाहिली नव्हती. वरणफळ, फार मोठं काम केलंत.

पण मूळ प्रश्न राहिलाच की. साडेचार ते सहा ओव्हनकडे कोण बघणार?

कोकणकडा:

काकू, उत्तर तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये आहे. रिहर्सलला फक्त चालणारी माणसं लागतात: नवरा-नवरी, दोन्हीकडचे आईवडील, मित्रमैत्रिणी, लग्न लावणारे. पुण्याची मंडळी तिथे जाऊन नुसती खुर्च्यांवर पेंगणार. नणंदबाईंना घरी ठेवा आणि त्यांच्याकडे पूर्ण कारभार द्या. "वन्सं, तुमच्याशिवाय मी कुणावर घर सोपवू?" असं म्हणा. वरमाईची नणंद म्हणजे मुलाची आत्या, मानाची; तिला हुकूम चालवायला मिळाला की मेनूबद्दल तक्रार राहत नाही. फक्त कढई माळ्यावर टाकून जा.

कॉलेजमधली दोन मुलं-मुली तासावर मदतीला घ्या. पाव भाजायला आणि रिकाम्या प्लेटा उचलायला. ते काम नातेवाइकांना सांगू नका, सगळे "तू बस, मी करते" करत स्वयंपाकघरात जमतात आणि बाहेर अमेरिकन एकटेच बसतात. आमच्याकडे अगदी हेच दृश्य होतं.

अण्णा_पार्सिपनी:

खाण्याचं तुम्ही बघा, मी बाकीचं सांगतो.

भाजी गरम ठेवायला १८ क्वार्टचा (साधारण १७ लिटरचा) इलेक्ट्रिक रोस्टर, म्हणजे विजेवर तापणारं मोठं झाकणाचं भांडं, उत्तम. पण तो साडेचौदाशे वॉटच्या आसपास ओढतो. १५ अँपिअरच्या सर्किटची मर्यादा १८०० वॉट. म्हणजे त्याच लाइनवर कुणी चहाची किटली लावली की ब्रेकर पडला. रोस्टर एका सर्किटवर, किटली दुसऱ्यावर. कुठला प्लग कुठल्या ब्रेकरवर आहे ते आधी बघून चिकटपट्टी लावा. आणि भाजी फ्रिजमधून काढून थेट रोस्टरमध्ये ओतू नका. आधी गॅसवर चांगली उकळी आणा, मग ओता. गरम पदार्थ १४० फॅरनहाइटच्या वर राहिला पाहिजे आणि बाहेर नुसता मांडलेला असेल तर दोन तासांत आवरायचा.

ऑक्टोबरच्या मध्यात साडेसहापर्यंत अंधारायला लागतं आणि गारवा येतो. डेकवर जेवण मांडायचा विचार सोडा. गॅरेज रिकामं करा, झाडून-पुसून दिव्यांच्या माळा सोडा, भाड्याची लांब टेबलं लावा. पाऊस आला तरी फरक पडत नाही. प्रोपेनचा हीटर मात्र उघड्या अंगणातच. गॅरेजचं दार ओढून आत तो लावायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे.

गॅरेजचा आणखी एक फायदा म्हणजे चपला-बुटांचा प्रश्न मिटतो. ३८ माणसं पुढच्या दाराने आली की उंबऱ्यापाशी बुटांचा डोंगर आणि त्यांच्या आजी एका पायावर. पाहुणे गॅरेजमधूनच येऊ देत, बूट घालूनच. घरात बाथरूमकडे जाताना एक लांब चटई टाका आणि त्या दिवसापुरतं सोडून द्या.

दारू: बिअर आणि वाइन ठेवा, बाकी नको. न्यू जर्सीत यजमानावर जबाबदारी येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. घरी आलेल्या पाहुण्याला धडधडीत चढलेली असताना पाजत राहिलात, तो गाडी घेऊन निघाला आणि अपघात झाला, तर जखमी माणूस यजमानावरही दावा लावू शकतो. १९८४ च्या केली विरुद्ध ग्विनेल खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने तसा निकाल दिला. घाबरवत नाही, पण बाटल्या जेवणाबरोबर काढा आणि श्रीखंडाबरोबर आवरा. नाहीतरी सकाळी मुहूर्त आहे.

निवांत_बोस्टन:

अण्णा, तुमच्या पोस्टनंतर तर केटररच बरा वाटायला लागलाय.

खमंग:

😄 गप्प बसा हो!

ताई, भाषणाचं. ह्यांना सांगा, यजमान म्हणून दोन मिनिटं: या, बसा, आमच्या घरात तुमचं स्वागत, आणि सुनेबद्दल एक खरी गोष्ट, जी त्यांनी स्वतः पाहिली आहे. विनोद इंटरनेटवरून आणायचा नाही. मोठी भाषणं दुसऱ्या दिवशी मित्रमंडळी करणारच आहेत. बोलायचं ते जेवणाआधी, म्हणजे पाव गार व्हायच्या भीतीने आपोआप आटोपतं.

लग्न लावणाऱ्या बाई किंवा पाद्री जे असतील त्यांना जेवायला सांगितलंय ना? इथे त्यांना जोडीदारासह बोलावतात. मग आपल्या गुरुजींनाही सांगा, एकाला पान आणि एकाला नाही असं नको.

वरमाय:

गुरुजी मोजायचे राहिले होते. म्हणजे सपत्नीक धरून ४०.

बराच उलगडा झाला. मेनू पक्का: पावभाजी, मसालेभात, कोथिंबीर वडी, श्रीखंड. कोशिंबीर धरली तर पाच. नणंदबाईंशी काल फोनवर बोलले, "तुमच्यावरच घर सोडून जाणार" म्हटल्यावर आवाजच बदलला. पुऱ्यांचं नाव नाही. जिलबी मात्र ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून विकत आणायचं त्यांनी परस्पर ठरवलंय, ती असू दे.

आता दोन नवे मुद्दे. सुनेची आई परत परत विचारतेय, "मी काय आणू?" मी "काही नको, तुम्ही फक्त या" म्हणत राहिले, पण तिचा चेहरा पडला. दुसरं, सासूबाईंना सुनेची ओटी भरायची आहे आणि विहिणीला साडी द्यायची आहे. ४० जणांसमोर हे जरा जास्त होईल का?

वरणफळ:

आणू दे तिला! "काही नको" हे आपल्यात आग्रहाचं असतं, तिला ते दार लावल्यासारखं वाटलं असेल. ऑक्टोबर आहे, सफरचंदाचा पाय (apple pie) आणि सायडर सांगा. आजोबांना चालेल असा पाय तिच्याइतका भरवशाचा तुम्हाला कुणीच करून देणार नाही.

कोकणकडा:

ओटी अजिबात जास्त नाही, पण जेवणाच्या मध्ये थांबवून नको. पाहुणे आल्या आल्या दारातच. एक ताम्हण, एक निरांजन, दोघांना औक्षण, ओटी, पाच मिनिटं. काय चाललंय ते मुलाला एका वाक्यात सांगायला लावा. साडी विहिणीला आजींनी आपल्या हाताने द्यावी, बाजूला घेऊन. उद्या नेसायची सक्ती नाही, हेही सांगून टाका, नाहीतर ती बिचारी रात्रभर यूट्यूब बघत बसेल.

आमच्याकडे सीमांतपूजनाला मुलीकडचे मुलाकडच्यांचे पाय धूत आले. इथे मुलाकडचे राबून मुलीकडच्यांना वाढणार. मला ही रीत जास्त आवडली, खरं सांगतो.

वरमाय:

मलाही. सासूबाईंना मात्र हे आत्ताच सांगत नाही.

शेवटचं एक: १८ क्वार्टचा रोस्टर एका संध्याकाळीसाठी विकत घ्यायचा जिवावर येतंय. सेंट्रल जर्सीत कुणाकडे असेल तर?

अण्णा_पार्सिपनी:

माझ्याकडे आहे, गणपतीच्या प्रसादाला वापरतो. झाकणाची मूठ सैल आहे, उघडताना फडकं धरा. व्यनि (खाजगी निरोप) करा, बुधवारी घेऊन जा. डबाभर श्रीखंडाच्या बोलीवर.