विनोदी पॉडकास्टमधला पाहुण्यांचा रतीब आता पुरे

घोडबंदरकर:

मराठीत विनोदी गप्पांचे पॉडकास्ट वाढले याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच सध्या त्यांचं जे चाललंय ते बघवत नाही. माझं मत असं की यांचं सगळ्यात जास्त नुकसान पाहुण्यांमुळे झालंय. पाहुणे माणूस म्हणून वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना बोलावलं कधी जातं आणि कशासाठी, तिथे घोळ आहे.

सिनेमा शुक्रवारी लागणार असला की आधीच्या आठवड्यात तेच तीन चेहरे पाच चॅनेलवर. किस्साही तोच. शूटिंगला पाऊस आला, जनरेटर बंद पडला, सगळे एका व्हॅनिटीत जाऊन बसले आणि मग कुणीतरी काहीतरी बोललं. पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. तिसऱ्या चॅनेलवर तोच किस्सा, त्याच जागी थांबून, तेच हातवारे करून सांगितला की लक्षात येतं, हा माणूस गप्पा मारायला आलेलाच नाही. मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत गाडी सरकत नाही तेव्हा मी हे एपिसोड पूर्ण ऐकतो. दोन रील बघून मत बनवलेलं नाही.

टीव्हीवर हे सगळं होऊन गेलंय. 'चला हवा येऊ द्या' २०१४ साली सुरू झालं आणि थुकरटवाडीत प्रत्येक नव्या सिनेमाची टीम येऊन बसायला लागली. पण तिथे एक गोष्ट होती. समोर भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे काम करत होते. पाहुण्याने नुसतं बसून हसलं तरी चालायचं, कारण विनोदाची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. पॉडकास्टमध्ये स्किट नाही, सेट नाही. दोन माणसं आणि दोन माइक. तिथे पाहुणा पाठ केलेलं बोलला की अख्खा दीड तास गेला.

मला दोनच रस्ते दिसतात. एक, पाहुणा बोलवूच नका. रिकी जर्वेस, स्टीफन मर्चंट या ब्रिटिश विनोदवीरांनी आणि कार्ल पिल्किंग्टनने डिसेंबर २००५ मध्ये पॉडकास्ट सुरू केलं तेव्हा खोलीत ते तिघंच होते. कार्ल मूळचा त्यांच्या रेडिओ कार्यक्रमाचा प्रोड्यूसर. त्याची जगाबद्दलची मतं आणि त्यावर जर्वेसचं हसून लोळणं, एवढ्यावर जग वेडं झालं. आपल्याकडे वरुण ठाकूर, कौतुक श्रीवास्तव, आदर मलिक आणि नेव्हिल शाह यांचं 'द इंटरनेट सेड सो' घ्या. एक विषय, त्यावर वाचून आणलेली माहिती आणि चार मित्र. त्यांना दर आठवड्याला नट लागत नाही.

दुसरा रस्ता, पाहुण्याला काम द्या. 'ऑफ मेन्यू' या ब्रिटिश पॉडकास्टमध्ये एड गॅम्बल आणि जेम्स अकास्टर पाहुण्याला त्याच्या स्वप्नातलं जेवण विचारतात. पाणी कुठलं, ब्रेड की पापड, स्टार्टर, मुख्य पदार्थ, गोड. यात सिनेमाचं नाव घुसवायला जागाच नाही, आणि माणूस लहानपणीच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचतो. 'कॉमेडी बँग! बँग!'मध्ये तर पाहुणा एखादं पात्र बनून येतो आणि स्कॉट ऑकरमन त्याला त्या पात्राचेच प्रश्न विचारत राहतो. आपल्याकडेही हे झालंय. भाडिपा या यूट्यूब चॅनेलवर अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी 'कास्टिंग काउच' करायचे तेव्हा समोरच्या स्टारला माहीत असायचं की आपली इथे टर उडणार आहे. त्यालाही खेळावं लागायचं. खेळायची तयारी नसलेला पाहुणा विनोदी कार्यक्रमात काय कामाचा?

ऐरोली_लोकल:

कळकळ पटली, निष्कर्ष अजिबात पटला नाही. विनोदी पॉडकास्ट मोठे झालेच पाहुण्यांमुळे.

अमेरिकन कॉमेडियन मार्क मॅरनने २००९ मध्ये 'डब्ल्यूटीएफ' हे पॉडकास्ट सुरू केलं. घराच्या गॅरेजमध्ये माइक लावला आणि ओळखीतले कॉमेडियन बोलवायला लागला. त्यातल्या काहींशी त्याचं पूर्वी वाजलेलं होतं, ते भांडणही तिथेच निघायचं. २०१० मध्ये मॅरन रॉबिन विल्यम्सच्या घरी गेला तेव्हा विल्यम्स दारू, नैराश्य, दुसऱ्याचे जोक चोरल्याचा आरोप यावर जे बोलला ते टीव्हीच्या सोफ्यावर सात मिनिटांत कधीच आलं नसतं. २०१५ मध्ये त्याच गॅरेजमध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष येऊन बसला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मॅरनने कार्यक्रम थांबवला तेव्हा शेवटचे पाहुणेही ओबामाच. पाहुणे काढून टाका आणि मग सांगा यातलं काय उरतं.

आणि आपल्या मराठीत तर याची गरज जास्त आहे. विनोदी नटाचं काम आपण नोंदवून ठेवत नाही. गंभीर नटाची चरित्रं निघतात, विनोदी नटावर त्याच्या निधनानंतर चार ओळी येतात आणि त्यात 'हरहुन्नरी' हा शब्द असतो. 'हास्यजत्रे'तलं स्किट तालमीत कसं बदलतं, सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी कुठलं वाक्य काढून टाकतात आणि का, समीर चौघुले एखादं पात्र चालण्यातून उभं करतात की आवाजातून, हे कोण लिहिणार? पेपरात त्याला जागा नाही. ते पॉडकास्टवरच सांगितलं जाणार. त्यासाठी माणूस समोर हवा आणि दीड तासही हवा. मी ठाण्याहून वाशीला जाताना अर्धा एपिसोड ऐकतो, येताना उरलेला. असा एक चांगला ऐकायला मिळाला की पुढचे चार फसलेले मी माफ करतो.

तुमचा राग पाठ केलेल्या प्रश्नांवर असायला हवा. 'स्मार्टलेस' या अमेरिकन पॉडकास्टमध्ये तिघा होस्टपैकी एकच जण पाहुणा ठरवतो, बाकी दोघांना नाव माहीतच नसतं. त्यामुळे त्यांचे प्रश्न खरे असतात. तिथे हॉलिवूडचे तेच स्टार येतात, सिनेमाच्या तोंडावरही येतात, तरी ऐकवतं.

उपवन_काठ:

प्रमोशनला इतकं नाक मुरडू नका. मराठी सिनेमाला पहिल्या आठवड्यात प्रेक्षक आला नाही तर पुढच्या शुक्रवारी शोच राहत नाहीत, आणि जे राहतात ते दुपारी अडीचचे. मोठ्या जाहिराती परवडत नाहीत. मग त्या नटांनी कुठे जायचं? पॉडकास्टवाल्यांनी दार उघडलं हे चांगलंच केलं. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला लागलेल्या दोन प्रायोगिक नाटकांची नावं मला अशा गप्पांतूनच कळली, तिकिटं काढून मी ती पाहिली, आणि त्यातलं एक तर फारच सुंदर होतं. किस्सा तिसऱ्यांदा ऐकावा लागला तर पुढे ढकला.

वाशी_सेक्टर१७:

मी पॉडकास्टचा आवाज आणि एडिटिंग करतो, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने बोलतो. दोष पाहुण्याचा नाही, प्रमोशनचाही नाही. विनोद आम्ही मारतो, रेकॉर्डिंगनंतर.

उदाहरण देतो. भाड्याच्या छोट्या खोलीत होस्ट आणि पाहुणा समोरासमोर बसतात. पाहुणा पंचवर येतो आणि शेवटचे दोन शब्द बाकी असतानाच होस्ट मोठ्याने हसतो. त्याचं हसू त्याच्या माइकवर असतं तसंच पाहुण्याच्या माइकवरही गेलेलं असतं. होस्टचा ट्रॅक मी खाली घेतला तरी ते शब्द हसण्याखालीच राहतात. आता जोकचा शेवट ऐकूच येत नाही. होस्टला वाटतं आपण दाद दिली. खरं तर त्याने जोक खाल्ला. मी अनेकदा सांगून पाहिलंय की हसू येणारच, पण तोंड माइकपासून बाजूला घ्या आणि वाक्य पूर्ण होऊ द्या.

दुसरं, शांतता. सॉफ्टवेअरमध्ये बोलण्यातल्या रिकाम्या जागा आपोआप कापायची सोय असते. एपिसोड आटोपशीर व्हावा म्हणून निर्माते ती वापरायला लावतात. विनोदी नट पंचच्या आधी मुद्दाम थांबलेला असतो. ते थांबणंच त्याचं कसब आहे. मशीनला ती रिकामी जागा दिसते आणि ती जाते. मग लोक खाली लिहितात, हा स्टेजवर काय भारी असतो, इथे बोअर झाला.

तिसरं, सुरुवातीची झलक. अख्ख्या एपिसोडमधली सगळ्यात जोरदार तीन हसू उचलून पहिल्या मिनिटात लावायची. चाळिसाव्या मिनिटाला तो किस्सा खरोखर येतो तेव्हा शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. गंभीर मुलाखतीत हे चालतं. विनोदात नाही चालत, आणि तरी प्रत्येकजण करतो, कारण पहिल्या तीस सेकंदांत प्रेक्षक पळतो अशी भीती बसली आहे.

घोडबंदरकर:

वाशीकर, तुमचा मुद्दा सोन्यासारखा आहे. झलकेबद्दल तर मी सही करायला तयार.

ऐरोली, मॅरनचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. मॅरन स्वतः कित्येक वर्षं स्टँडअप केलेला माणूस. समोरच्या कॉमेडियनला तो विचारतो तेव्हा त्याला खरंच जाणून घ्यायचं असतं, कारण त्याच स्टेजवर तोही पडलाय. आपल्याकडे एका ज्येष्ठ विनोदी नटाने एका एपिसोडमध्ये सांगायला घेतलं की दौऱ्यावर प्रेक्षक हसलाच नाही तर पुढच्या प्रवेशात नट एकमेकांचा वेग कसा सांभाळून घेतात. मी आवाज वाढवला. आणि होस्ट म्हणाला, 'वा, क्या बात! चला, आता रॅपिड फायर. चहा की कॉफी?' त्या नटाने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि चहा म्हणाले. पुढे तो विषय परत निघाला नाही. तुम्ही म्हणता तो ठेवा असा हातातून जातो. ज्याला विनोदाच्या कामात रस नाही त्याने विनोदी माणसाला बोलावू नये, एवढं तरी मान्य करा.

उपवन, नाटकाबद्दल मान्य. नाटकवाले जेव्हा येतात तेव्हा नाटकाविषयी बोलतातही. सिनेमावाले 'टीम एकदम फॅमिलीसारखी होती' याच्या पुढे जात नाहीत.

सीवूड्सवाली:

इतका वेळ वाचतेय आणि कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. विनोदी पॉडकास्टवर बाई आली की काय विचारतात ते आठवा. घरी काय म्हणतात, लग्नानंतर कसं जमवलं, सेटवर चिडवतात का, जाड-बारीक यावर बोललेलं चालतं का. आणि तिच्या शेजारी बसलेल्या पुरुषाला विचारतात की हे पात्र सुचलं कसं.

विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांची स्किट्स नीट पहा. नम्रता एकाच स्किटमध्ये आवाजाची पट्टी बदलते तेव्हा चेहऱ्याचा एकही स्नायू जास्तीचा हलत नाही. वनिता संथ सुरुवात करते आणि समोरच्याला वाक्य टाकायला पूर्ण जागा देते, मग हिसकावून घेते. यावर एक प्रश्न? मला तरी ऐकायला मिळाला नाही. त्यामुळे पाहुणा हवा की नको हा वाद मला फार वरवरचा वाटतो. बायका पाहुण्या म्हणून येतात, पण विनोदाच्या जाणकार म्हणून त्यांना कुणी बसवत नाही. आणि घोडबंदरकर, तुमच्या पाहुण्याविना चालणाऱ्या पॉडकास्टची दोन्ही उदाहरणं बघा. सगळे पुरुष. चार मित्र जमले की कार्यक्रम होतो, पण त्या चार मित्रांत आम्ही कुठे असतो? पाहुणी म्हणून तरी दार उघडं राहतं. ते तुम्ही बंद करायला निघालात.

रबाळे_नाइट_शिफ्ट:

पाहुणा नसलेले मराठी प्रयोगही मी ऐकलेत आणि थोड्याच दिवसांत सोडलेत. तीन मित्र, कॉलेजचे किस्से, एकमेकांची टोपणनावं. ते लोळून हसतात आणि आपण लग्नात चुकीच्या पंगतीला बसल्यासारखे बघत राहतो. कार्ल पिल्किंग्टन प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये नसतो. पाहुणा आला की निदान होस्टला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं, म्हणजे आपल्यालाही कळतं.

ऐरोली_लोकल:

सीवूड्सताई, तुमच्या प्रत्येक शब्दाशी सहमत.

घोडबंदरकर, बरं, उद्या पॉडकास्ट तुमच्या हातात दिलं तर बोलावणार कुणाला? नावं नकोत, कामं सांगा.

घोडबंदरकर:

सीवूड्स यांचं उत्तर आधी देतो. दार बंद करायचं नाहीये. होस्टच्या खुर्चीत बाई बसवा, कायमची. मग ती कुणाला बोलवायचं ते ठरवेल आणि प्रश्नही तीच ठरवेल. चार पुरुषांच्या कार्यक्रमात अधूनमधून पाहुणी बोलावून तुमचा प्रश्न सुटत नाही असं मला वाटतं.

आता ऐरोलीचा प्रश्न. पहिला बोलावीन विंगेत उभा राहणारा माणूस, जो विनोदी नाटकाचा प्रत्येक प्रयोग बाजूने बघतो. ठाण्यात गडकरीला कुठल्या वाक्याला हशा येतो आणि वाशीला भावे नाट्यगृहात तेच वाक्य का पडतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मग स्किट लिहिणारा, ज्याचा चेहरा कुणी ओळखत नाही. मग वगनाट्यात सोंगाड्या करणारा कलाकार, कारण समोरचा माणूस बघून ऐनवेळी वाक्य जोडणं हे आजच्या क्राउडवर्कवाल्यांच्या, म्हणजे प्रेक्षकांशी बोलत विनोद करणाऱ्यांच्या, कितीतरी आधी त्यांनी केलंय. आणि ओपन माइकला पडलेली एखादी नवी मुलगी, दुसऱ्याच दिवशी, कुठला जोक का पडला ते सांगायला.

ऐरोली_लोकल:

यादी सुंदर आहे. मी चारही एपिसोड ऐकीन. पण हे सगळे पाहुणेच आहेत, दादा. तुमचा विरोध पाहुण्याला नव्हताच, प्रसिद्ध माणसाला होता. आणि तिथे मी अजूनही तुमच्या विरुद्ध आहे. प्रसिद्ध नट आला म्हणून जे लोक चॅनेलवर येतात त्यातलेच काही मागे राहून तुमच्या विंगेतल्या माणसाचा एपिसोड लावतात.

वाशी_सेक्टर१७:

ते मागे राहतात का हे झलक लावली की कापून टाकली यावर ठरतं. विंगेतला माणूस आलाच तर रेकॉर्डिंग मला द्या. एकही थांबा कापणार नाही.