'राइज ऑफ स्कायवॉकर' बघून रडणाऱ्यांना गोष्ट कळत नाही?

कृष्णविवर
परवा मध्यांतर यांनी लिहिलं की 'स्टार वॉर्स'चा नववा भाग 'राइज ऑफ स्कायवॉकर' बघताना ज्यांचे डोळे भरून आले त्यांना गोष्ट नकोच होती, ओळखीचे चेहरे हवे होते. आणि अशा लोकांना घाबरूनच डिस्नेने आठव्या भागाने, 'लास्ट जेडाय'ने, कमावलेलं सगळं मातीत घातलं. तिथे उत्तर द्यायला बसले, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

सिनेमात काय बिघडलंय ते आधी मीच सांगते, म्हणजे कुणी मला अंधभक्त म्हणायला नको. खलनायक सम्राट पॅल्पटीन परत आला. कसा आला? वैमानिक पो एका वाक्यात सांगून मोकळा. त्याची जी धमकी आकाशगंगेभर घुमली म्हणे, ती सिनेमात ऐकूच येत नाही, ती फोर्टनाइट या व्हिडिओ गेममध्ये वाजवली गेली. १९८३ साली मूळ नायक लूकच्या बापाने, व्हेडरने, स्वतःचा जीव देऊन ज्याला खाली फेकला त्याला असं परत आणलं, की व्हेडरच्या मरणातलं अर्धं बळ गेलं. केसाळ सोबती च्युई मरतो, थोड्याच वेळात जिवंत निघतो. यंत्रमानव थ्रीपिओची स्मृती पुसली जाते, दुसऱ्या यंत्रमानवाकडे, आर्टूकडे, ती जपून ठेवलेली असतेच. काही गमावलं तरी ते गमावलेलं राहत नाही.

आणि नायिका रे. आठव्या भागात तिचे आईबाप कुणीच नव्हते, दारूच्या पैशांसाठी पोर विकणारे भंगारवाले. फोर्स ही अद्भुत शक्ती कुणाच्या घराण्याची जहागीर नाही, हे या मालिकेत इतक्या वर्षांनी कुणीतरी ठणकावून सांगितलं होतं. दोन वर्षांत तिला पॅल्पटीनची नात करून टाकली. याला माझ्याकडे माफी नाही.

तरीही मी रडले. लूकची बहीण लेया गेल्याचं च्युईला कळतं तो प्रसंग आठवा. तो जमिनीवर कोसळतो आणि हंबरडा फोडतो. कळेल असा एक शब्द नाही. लेयाचं काम करणाऱ्या कॅरी फिशर २०१६ च्या डिसेंबरमध्ये गेल्या. सातव्या भागातून उरलेल्या तुकड्यांवर त्यांचे प्रसंग उभे केले, समोरच्यांचे संवाद त्यांच्या वाक्यांना जुळवून लिहिले. च्युईच्या केसाळ पोशाखात आता योनास सुओतामो. आधीचे च्युई, पीटर मेह्यू, सिनेमा यायच्या काही महिने आधी वारले. हे सगळं ठाऊक असूनही रडू आलं, कारण हान गेला, लूक गेला, आता लेया गेली आणि त्या टोळीतला मागे राहिला तो हाच. ओळखीचा चेहरा म्हणून नाही रडले मी. पहिल्या सिनेमापासून चालत आलेली गोष्ट त्या हंबरड्यात होती.

मध्यांतर
माझं नाव घेतलंत, म्हणून सविस्तर.

च्युईचा प्रसंग चांगला आहे, मान्य. अडीच तासांच्या आसपासच्या सिनेमात तो एक प्रसंग चांगला आहे म्हणून बाकीच्याचं काय करायचं? तुम्ही चुकांची एवढी यादी दिलीत आणि आठव्या भागातल्या रोझचं नावसुद्धा घेतलं नाहीत. तिचं काम करणाऱ्या केली मेरी ट्रानला लोकांनी इतकं छळलं की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं. पुढच्या सिनेमात तिच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर. लेयाबरोबरचे तिचे प्रसंग तांत्रिकदृष्ट्या जमले नाहीत, असं लेखक टेरिओ यांनी सांगितलं. मग दुसरे लिहायचे. छळणाऱ्यांना हवं होतं तेच पडद्यावर दिसलं.

माझ्या भाचीने रोझचं ते चंद्रकोरीच्या आकाराचं लॉकेट पुठ्ठ्याचं करून गळ्यात घातलं होतं. सिनेमा संपल्यावर तिने विचारलं, "मामा, ती आजारी होती का?" तेव्हा तुमच्या अश्रूंबद्दल मला आदर असला, तरी ते अश्रू मिळवण्यासाठी कुणाला बाजूला सारलं ते मी विसरणार नाही.

रात्रपाळी
मध्यांतर, ट्रानबरोबर झालं ते नीच होतं, त्यावर वादच नाही. पण आठव्या भागाला नावं ठेवणारा प्रत्येकजण त्या टोळक्यातला, हे तुम्ही दरवेळी सुचवता ते बंद करा. मला तो सिनेमा आवडला नाही तो लूकमुळे. बाप सुधारेल या भरवशावर जो शत्रूपुढे हत्यार टाकून उभा राहिला, तो झोपलेल्या भाच्यावर लाइटसेबर, ती प्रकाशाची तलवार, उपसतो? क्षणभर का होईना, हे माझ्या गळी उतरत नाही.

आणि खरा दोष मालकांचा. मालिकेचा जनक लुकासने २०१२ मध्ये कंपनी डिस्नेला विकली तेव्हा पुढच्या तीन भागांचे आराखडे दिले होते. ते बाजूला ठेवले. सातव्याचा दिग्दर्शक एब्रम्स, आठव्याचा जॉन्सन, नववा ट्रेव्होरोचा ठरला होता, त्याला २०१७ मध्ये काढून परत एब्रम्स. असा कारभार असल्यावर दुसरं काय होणार? मूळ तिन्ही भाग लुकासच्या डोक्यात आधीपासून तयार होते, म्हणून ते एकसंध आहेत.

ध्रुवपद
हे "आधीपासून तयार" कृपा करून थांबवा. मूळ तिघांतल्या दुसऱ्या भागाचा, 'एम्पायर'चा, पहिला मसुदा ली ब्रॅकेट यांनी १९७८ मध्ये लिहिला. त्यात लूकच्या बापाचं भूत व्हेडरहून वेगळं प्रकट होतं, म्हणजे व्हेडर हा बाप नव्हताच. ब्रॅकेट त्याच वर्षी वारल्या आणि ती कलाटणी नंतरच्या मसुद्यांत आली. मूळ भागही वाटेत सुचत गेलेलेच आहेत. फरक एवढाच की प्रत्येक वेळी सुचलेलं आधीच्यापेक्षा मोठं होतं. नवव्या भागात जे सुचलं ते आधीच्यापेक्षा लहान आहे.

आणि लुकासला एवढं डोक्यावर घेऊ नका. स्वतःच्याच सिनेमांवर त्याने काय केलं? १९९७ च्या स्पेशल एडिशनमध्ये हानवर बंदूक रोखणाऱ्या ग्रीडोला आधी गोळी झाडायला लावली, म्हणजे हान सभ्य दिसावा. २००४ च्या डीव्हीडीत आणखी फेरफार. २०११ च्या ब्लू-रेत व्हेडर पॅल्पटीनला उचलतो त्या क्षणी "नो" असा आक्रोश घातला. त्या दृश्याचं सगळं सामर्थ्य व्हेडर गप्प असण्यात होतं. मुखवटा एकदा मुलाकडे वळतो, एकदा सम्राटाकडे, आणि तो काय ठरवतोय ते आपल्याला कळतं.

जुनी कॅसेट
अवांतर आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

'रिटर्न ऑफ द जेडाय' मी ताईबरोबर व्हीएचएसवर पाहायचो. शेवटी तीन भुतं उभी राहतात: लूकचे गुरू योदा, ओबीवान आणि लूकचा बाप. बाप म्हणजे सेबॅस्टियन शॉ. मुखवटा काढल्यावर लूकने पाहिलेला तो पांढराफटक, थकलेला चेहरा, तोच आता शांत हसतोय. तिथे कॅसेटच्या खालच्या बाजूला पांढऱ्या रेषा यायच्या, ताई तेवढ्यासाठी ट्रॅकिंगचं बटण फिरवत बसायची. तिचं म्हणणं असं की लूक त्याला ओळखतो ते त्या एकदाच पाहिलेल्या चेहऱ्यावरून.

ताई गेल्यावर मी डीव्हीडी आणली. शॉच्या जागी नंतरच्या सिनेमांतला तरुण व्हेडर, हेडन ख्रिस्तेन्सेन. लूकने जन्मात न पाहिलेला तरुण. शॉ १९९४ मध्येच वारले होते, त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मी डिस्क बंद केली. नववा भाग कसाही असो, त्याने माझ्याकडून काही हिरावून नेलं नाही. या बदलाने नेलं.

रात्रपाळी
तुमच्या ताईबद्दल वाईट वाटलं. पण मुद्द्यावर असहमत. सिनेमा ज्याचा, हक्क त्याचा. मी पोटासाठी एडिटिंग करतो. रात्रभर जागून कट लावायचा, आणि सकाळी कुणीतरी न विचारता त्याची मोडतोड करून तो पुढे पाठवायचा. एका कामात माझं नाव ठेवून माझा शेवटच बदलला होता. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: करणाऱ्याला आपल्या कामावर शेवटपर्यंत हात फिरवता आला पाहिजे. बघणाऱ्यांनी त्याला अडवू नये. इथे कितीजणांनी काही बनवलंय?

ध्रुवपद
बनवलंय की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे, पण तुमचंच उदाहरण घेऊ. पहिल्या सिनेमाच्या संकलनाचं ऑस्कर पॉल हिर्श, मार्शिया लुकास आणि रिचर्ड च्यू या तिघांना मिळालं. 'एम्पायर'चे दिग्दर्शक कर्शनर, 'जेडाय'चे मार्क्वांड. मार्क्वांड तर १९८७ मध्येच गेले. प्रतिकृती बनवणाऱ्यांनी हातांनी घडवलेल्या दृश्यांवर नंतर संगणकाचा थर चढवला. या गोष्टीत मोडतोड झालेले संकलक तुम्ही आहात, आणि बाजू घेताय सकाळी येऊन बदल करणाऱ्याची.

शिवाय १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर जाऊन जुने सिनेमे रंगवण्या-बदलण्याविरुद्ध साक्ष कुणी दिली? लुकासनेच. कलाकृती हा जनतेचा वारसा आहे, ही त्याचीच भूमिका. पुढच्याच वर्षी पहिला 'स्टार वॉर्स' राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेला. आणि मूळ रूप पाहायचं तर चाहत्यांना जुन्या ३५ मिमी प्रिंट शोधून एकेक फ्रेम स्कॅन करावी लागली.

रात्रपाळी
माझ्या कामाबद्दल तुम्हाला काडीची माहिती नाही. त्यावरून मला शिकवू नका.

साक्षीचा मुद्दा बरोबर आहे. तो मला खोडता येत नाही. पण लुकासने मूळ रूप शेजारी ठेवलं असतं तर बदलांबद्दल कुणाची तक्रार नसती, एवढंच त्यातून निघतं. बदलण्याचा हक्क त्याने जात नाही.

जुनी कॅसेट
शेजारी ठेवा एवढंच तर आम्ही इतकी वर्षं म्हणतोय. २००६ मध्ये मूळ रूपं डीव्हीडीवर दिली तीही जोडडिस्क म्हणून, जुन्या लेझरडिस्कच्या प्रतीवरून, नीट साफसुद्धा न करता.

कृष्णविवर
धागा पार दुसरीकडे गेला, पण बरं झालं. मला जे धड मांडता येत नव्हतं ते इथे सापडलं. नववा भाग ही आठव्या भागाची स्पेशल एडिशन आहे. लूकने लाइटसेबर मागे फेकलं होतं, आता तो ते झेलतो आणि हत्याराचा मान राखायला सांगतो. रे कुणाचीच नव्हती, आता ती सम्राटाची. आठव्या भागात होल्डोने शत्रूच्या जहाजाला दिलेली ती धडक लाखात एकदाच साधणारी ठरते. एकेक जागा हेरून खोडलेली आहे. सुदैवाने आठवा भाग अजून जसाच्या तसा मिळतो, म्हणून मी दोन्ही ठेवू शकते. ताईंच्या त्या चेहऱ्याच्या बाबतीत ते शक्य राहिलं नाही.

मध्यांतर, रोझबद्दल: मी तिला यादीत घेतलं नाही कारण यादी गोष्टीतल्या तुटलेल्या दुव्यांची होती. तिच्याशी झालं ते त्याहून वाईट आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. च्युईसाठी आलेलं रडू मात्र मी त्यापायी परत घेणार नाही.

मध्यांतर
घेऊ नका. "गोष्ट नको होती" हे तुमच्यापुरतं मागे घेतो. ज्यांनी रे नातवंड निघाल्यावर टाळ्या वाजवल्या त्यांच्याबद्दल ते कायम आहे.

रात्रपाळी
जुनी कॅसेट, ती कॅसेट अजून तुमच्याकडे आहे का? असेल तर मशीनमध्ये घालू नका. आधी झाकण उघडून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसते का बघा. बुरशी असताना चालवली तर ती हेडवर बसते आणि टेपही ओरबाडली जाते. उभी ठेवा, कोरड्या जागी. बुरशी नसेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, आमच्याकडे चालू स्थितीतला प्लेअर आहे, मी उतरवून देईन. बदलण्याच्या हक्काबद्दलचं माझं मत तेच आहे.

जुनी कॅसेट
आहे. उद्या उजेडात बघून कळवतो. मत ठेवा तुमचं, पण उतरवताना त्या पांढऱ्या रेषा साफ करू नका.